जूनमधली खिडकी, फेब्रुवारीतलं भाषण

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांतून प्लॅस्टिकच्या फायली बाहेर पडतात. मार्कशीट, एलसी, आधारची झेरॉक्स, डोमिसाईल, जातीचा दाखला असेल तर त्याची पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर आणि सगळ्यात खाली, बहुधा पालथा घातलेला, उत्पन्नाचा दाखला. हा शेवटचा कागद तहसीलदार कार्यालयातून येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच: कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. घाटकोपर-मुलुंडची माणसं कुर्ला तालुक्यात मोडतात, हे त्यांच्यापैकी अनेकांना या दाखल्याच्या निमित्तानेच कळतं. पोरांना त्याहून मोठी गोष्ट कळते. आपल्या बाबांना वर्षाला नेमके किती रुपये मिळतात, हे ती आयुष्यात पहिल्यांदा वाचतात, आणि तेही सरकारी शिक्क्यासकट.

तोवर घरात पैशाचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: ‘तुला काय करायचंय त्याचं, तू अभ्यास कर.’ सोळा-सतरा वर्षं हे ऐकलेला मुलगा मग एका जून महिन्यात फीच्या खिडकीसमोर उभा राहतो. अनुदानित तुकडी घ्यायची की स्वयंअर्थसहाय्यित, फी एकरकमी भरायची की हप्त्याने, शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा की ‘ते पैसे कुठे येतात वेळेवर’ म्हणून सोडून द्यायचा, कर्ज काढायचं तर कुणाच्या नावावर, हे सगळं खिडकी बंद व्हायच्या आत ठरवायचं असतं. मागे रांग असते. आतल्या बाई चष्म्यावरून बघत असतात. खूपशा घरांत त्या वर्षातला सगळ्यात मोठा खर्च असा पंधरा मिनिटांत उरकला जातो.

विद्यार्थ्यांना अर्थसाक्षर करण्यासाठी आपल्याकडे काहीच होत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. रिझर्व्ह बँक दर वर्षी वित्तीय साक्षरता सप्ताह पाळते. २०२४च्या सप्ताहाचा तर विषयच होता पैशाची योग्य सुरुवात, आणि तो मुख्यतः विद्यार्थी-तरुणांसाठी होता. बचत आणि चक्रवाढीची ताकद, विद्यार्थ्यांसाठी बँकिंगची मूलतत्त्वं, डिजिटल आणि सायबर स्वच्छता हे त्याचे पोटविषय. यात नावं ठेवायला जागा नाही. पण तो सप्ताह होता २६ फेब्रुवारी ते १ मार्च. कॉलेजात तेव्हा सबमिशन संपत आलेली असतात, बारावीची परीक्षा चालू असते, फी भरून आठ महिने झालेले असतात आणि ज्याला जिथे फसायचं तो तिथे फसून झालेला असतो. गंमत अशी की २०१७मध्ये हा सप्ताह सुरू झाला तो ५ ते ९ जून असा. पुढची दोन वर्षंही तो जूनमध्येच होता. २०२०पासून तो फेब्रुवारीत गेला. रिझर्व्ह बँकेची त्यामागे तिची कारणं असतील. कॉलेजात नव्याने येणाऱ्या पोरांच्या दृष्टीने मात्र मुहूर्त चुकला.

मुहूर्ताइतकीच रीतही बदलली. ४ फेब्रुवारी २००९ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना एक योजना आखून दिली होती. वित्तीय साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रं, असं तिचं स्वरूप. कर्जात अडकलेल्या किंवा अडकण्याच्या बेतात असलेल्या माणसाने आपले कागद घेऊन यावं, कुणीतरी समोर बसून ते वाचावेत, फुकट सल्ला द्यावा, अशी ती कल्पना. २०१२मध्ये योजनेला नवं रूप मिळालं. नावातून कर्ज समुपदेशन गेलं, वित्तीय साक्षरता तेवढी उरली, आणि भर आला शिबिरांवर. शिबिराचं तसं बरं असतं. फोटो निघतो, उपस्थितांचा आकडा कळवता येतो. एका मुलीच्या खात्याचं कोडं सोडवायला अर्धा तास गेला, याचा आकडा कुठल्या रकान्यात भरायचा?

उपनगरांतल्या कॉलेजांत ही शिबिरं मी पाहिली आहेत. प्रोजेक्टरवर चक्रवाढीचा आलेख असतो. विसाव्या वर्षापासून महिन्याला अमुक हजार गुंतवले तर साठाव्या वर्षी कोट्यधीश. समोरच्या पोरांच्या खिशात वडापाव आणि रिटर्न रिक्षाचे पैसे. चक्रवाढ खरीच असते, पण हे ऐकून त्या पोराने सोमवारी करायचं काय? अशी व्याख्यानं हास्यास्पद मानण्याचं कारण नाही. फक्त ज्या खिडकीशी पोर उभं आहे तिथवर ती पोहोचत नाहीत, एवढंच.

खिडकीशी काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. घाटकोपरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात वडील-मुलगी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेत होते. दुकानदाराने विचारलं, ‘आधार लिंक आहे का खात्याला?’ मुलगी म्हणाली, ‘हो काका, बँकेत जाऊन करून आलोय.’ पासबुक दाखवलं, बँकेचा एसेमेस दाखवला. दुकानदार मुरलेला होता. त्याने आधारच्या संकेतस्थळावर तिचा नंबर टाकला, ओटीपी घेतला आणि बँक सीडिंगची स्थिती उघडली. तिथे बँक भलतीच. पेमेंट अ‍ॅपवर कधीतरी दोन मिनिटांत उघडलेलं खातं, वापरात नसलेलं. वडील म्हणाले, ‘अगं, हे कधी उघडलंस?’ तिला आठवेना.

खात्याला आधार जोडणं ही केवायसीची बाब. सरकारी मदत कुठे जमा व्हायची, हे ठरतं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीवरून, आणि त्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचं नाव असतं. सगळ्यात शेवटी जिथे सीडिंगला संमती दिली ती बँक. आधीची आपोआप पुसली जाते. म्हणजे अर्जात कुठलंही पासबुक जोडा, पैसे जाणार त्या शेवटच्या खात्यात. अनेक शिष्यवृत्त्या ‘आल्याच नाहीत’ म्हणून घरोघरी शिव्या खातात, त्यातल्या काही मुलांच्याच नावावरच्या विसरलेल्या खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज भरला की काही दिवसांत नोंद बदलते. ही गोष्ट सांगायला दोन वाक्यं लागतात. चक्रवाढीच्या आलेखात ती येत नाही.

याच्या जोडीला अठराव्या वर्षाची गाठ असते. मुंबईत ‘कॉलेज’ अकरावीपासून सुरू होतं, त्यामुळे पहिल्यांदा खिडकीशी येतो तो पंधरा-सोळा वर्षांचा अज्ञान, कायद्याच्या अर्थाने. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं उघडून स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५च्या परिपत्रकात बँकांना नव्याने दिली आहे. पण मूल अठराचं झालं की खात्याला नव्या सूचना आणि नव्या सह्या लागतात. त्या दिल्या नाहीत तर खातं अडकतं, आणि ते अडकतं नेमकं बारावी संपून पदवीला प्रवेश घेताना. शाळेत असताना आईबरोबर उघडलेल्या खात्यातून फी भरायला गेलेली कितीतरी पोरं त्या दिवशी बँकेतून हात हलवत परत येतात.

आता फीकडे वळू. एकाच इमारतीत, एकाच जिन्याने चढून, बी.कॉम.च्या अनुदानित तुकडीची फी काही हजारांत असते आणि शेजारच्या वर्गातल्या स्वयंअर्थसहाय्यित अकाउंटिंग-फायनान्स किंवा मॅनेजमेंट स्टडीजची त्याच्या कितीतरी पट. शिकवणारे काही वेळा तेच. मी स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांच्या विरोधात नाही. पण ‘बी.कॉम. काय, कुणीही करतं’ या शेजारणीच्या वाक्यासाठी तीन वर्षांत लाखभर रुपये जास्त मोजायचे असतील तर कागद-पेन घेऊन बसायला हवं. २०२४मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले, त्यांना सीईटी आली, आणि मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी जुन्याच अभ्यासक्रमाची पाटी बदलून तो बी.कॉम.च्या नावाखाली चालू ठेवला. पाटी बदलली की शिष्यवृत्तीची पात्रताही तपासून घ्यावी लागते, कारण काही सवलती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरत्याच असतात. मुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झालं आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. संस्थास्तरावरची जागा ‘मिळतेय तर घेऊन टाकू’ म्हणून घेतली, तर माफी गेली. हे खिडकीवर कुणी सांगत नाही, आणि विचारायचं हे पालकांना सुचत नाही.

प्रवेश रद्द केल्यावर फी परत मिळते, हेही असंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत, प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर पाच हजारांपर्यंतची कपात. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांत ८० टक्के, महिन्याच्या आत ५० टक्के. त्यानंतर शून्य. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचीही संस्थेला मनाई आहे. मधल्या काही वर्षांत आयोगाने याहून उदार धोरण काढलं: २०२४-२५साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून. तरीही ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ अशी छापील पाटी लावणारी खिडकी तुम्हाला सापडेल, आणि तिच्यापुढे मान डोलावून परत फिरणारे पालकही. देणगीचं तर बोलायलाच नको. कॅपिटेशन फीबंदीचा महाराष्ट्राचा कायदा १९८७चा आहे. आजच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांपैकी बरेच तेव्हा शाळेत होते.

कर्जाच्या बाबतीत मध्यमवर्गीय मराठी घराच्या मनात अजून एक अढी आहे. ऋण काढून सण करू नये, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं, त्यामुळे शिक्षणासाठी कर्ज काढण्याआधी आपण मुदत ठेव मोडतो, मग दागिना, मग गावच्या भावाला फोन. त्या मानाने शैक्षणिक कर्ज स्वस्त पडतं. बँक संघटनेच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, आणि भरलेल्या व्याजावर जुन्या करप्रणालीत ८०-ई कलमाखाली आठ वर्षं वजावट मिळते. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक ८६० संस्थांमधल्या मुलांना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. यादीत आपलं कॉलेज आहे का हे आधी पाहायचं. नसेल तर बाकीची जाहिरात वाचण्यात अर्थ नाही.

‘हप्ता सुरू होत नाही’ या चार शब्दांत मात्र एक चोरवाट आहे. समजा चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी दर वर्षी एक लाख, असे चार लाख घेतले. व्याज दहा टक्के. शिकत असताना आणि सवलतीच्या वर्षात व्याज सरळ पद्धतीने मोजलं जातं, पण मोजलं जातंच. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, मग तीस, मग वीस. पाचव्या वर्षाच्या शेवटी देणं पाच लाख चाळीस हजार झालेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं म्हणजे महिन्याला सुमारे ७,१४० रुपये, एकूण साधारण साडेआठ लाख. आता दुसरा रस्ता. शिकत असतानाच व्याज भरत राहायचं. पहिल्या वर्षी ते महिन्याला अवघं ८३३ रुपये असतं, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, चौथ्या-पाचव्या वर्षी ३,३३३. मग पुढे हप्ता बसतो ५,२९०च्या आसपास, आणि सगळं मिळून जातात पावणेआठ लाख. जवळजवळ ऐंशी हजारांचा फरक. काही बँका असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. पहिल्या वर्षाचे ८३३ रुपये म्हणजे मोबाइलचं रिचार्ज आणि दोनदा बाहेरचं खाणं. पण बँकेतला अधिकारी ‘आत्ता काही भरायचं नाही’ एवढंच कौतुकाने सांगतो, आणि आपणही एक काळजी मिटली म्हणून चहा घेऊन उठतो.

हिशेबाची गोडी लावायची तर कर्जापासून नव्हे, लोकलच्या पासापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. उपनगरातल्या पोराचा तो पहिला स्वतंत्र व्यवहार. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, शिक्का मारून आणायचा, तिकीट खिडकीवर द्यायचा, निम्म्या दरात पास. मासिक की तिमाही? रेल्वेचा नियम असा की तिमाही पास महिन्याच्या २.७ पट दराने मिळतो. मासिक पास शंभर रुपयांचा धरला तर तिमाही दोनशे सत्तरचा. ‘तीस रुपये वाचले’ एवढं कुणीही म्हणेल. पण जरा थांबून बघा. तिमाही काढताना आज जास्तीचे गेले १७०. त्यामुळे महिन्याने द्यावे लागणारे १०० आणि दोन महिन्यांनी द्यावे लागणारे १०० वाचले. म्हणजे त्या १७० रुपयांवर महिन्याला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास परतावा पडला. जोखीम शून्य, हमी भारतीय रेल्वेची. अर्थात, मध्ये दिवाळीची सुट्टी येत असेल तर गणित फिरतं. सप्टेंबरच्या शेवटाला तिमाही पास काढणारा सुट्टीचे दिवस रेल्वेला दान करतो. हे एकदा फळ्यावर करून दाखवलं की व्याजदर, कालावधी आणि ‘आजचे पैसे, उद्याचे पैसे’ हे सगळं न सांगता येतं. आणि एक प्रश्नही आपसूक येतो: पाससारख्या छोट्या रकमेवर, ठरावीक काळापुरता असा परतावा मिळू शकतो, लाखो रुपयांवर, दर आठवड्याला, कायमचा कोण देईल?

हा प्रश्न २०२४मध्ये फार लोकांनी विचारला नाही. टोरेस नावाच्या दुकानांनी दादर, कांदिवली, मिरा रोड, कल्याण, सानपाडा इथे चकचकीत शोरूम थाटली, मोइसानाइट नावाचे खडे विकले आणि त्यावर आठवड्याच्या आठवड्याला परतावा देऊ केला. सुरुवातीला दिलाही. भाजीवाले, रिक्षावाले, गृहिणी, नोकरदार सगळे त्यात होते, आणि आपल्याबरोबर दुसऱ्याला आणल्याबद्दल बक्षीस असल्याने गुंतवणूक इमारतीच्या जिन्याने पसरली. जानेवारी २०२५मध्ये दुकानांना कुलूप लागलं. अशा घरांत कॉलेजला जाणारं एखादं पोर असतंच. त्याने पासाचं गणित केलेलं असतं तर त्याच्या आईचे पैसे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पोरांचं ऐकतं कोण. पण समुपदेशनाच्या खुर्चीवर विद्यार्थ्याबरोबर आई किंवा वडील हवेतच, ते एवढ्यासाठी.

शिवाय उपनगरातली बचत सहकारी बँकांत रुजलेली आहे. ओळखीचा मॅनेजर, मराठीत बोलणारा काउंटर, दारावर येणारा पिग्मीवाला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत काढता येत होते फक्त एक हजार रुपये. नऊ लाखांहून जास्त ठेवीदार होते. १३ फेब्रुवारी २०२५ला तीच वेळ न्यू इंडिया सहकारी बँकेच्या खातेदारांवर आली. ही जॉर्ज फर्नांडिसांनी १९६८मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह म्हणून सुरू केलेली बँक. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली, त्यामुळे शेवट बरा झाला. पण दरम्यान ज्यांच्या घरात फीची तारीख होती त्यांनी काय केलं असेल? ठेवीवर विमा आहे, फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांपर्यंत, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत तो द्यायची तरतूद आहे. नव्वद दिवस म्हणजे एक तिमाही पास. फी तेवढी थांबत नाही. फीचे पैसे एकाच बँकेत ठेवू नयेत, हा सल्ला इतका साधा आहे की तो देताना वक्त्याला संकोच वाटत असावा.

अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात डिमॅट खातं उघडणाऱ्या पोरांबद्दल फार लिहायची गरज नाही. आकडेच बोलके आहेत. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासाप्रमाणे आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींचा, आणि अशा व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३वर गेलं. सेबीचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, घाटकोपरहून रिक्षाच्या अंतरावर. तिथून निघालेला अहवाल घाटकोपरच्या कॉलेज कट्ट्यावर मात्र पोहोचत नाही. कट्ट्यावर पोहोचतो तो टेलिग्रामवरचा नफ्याचा स्क्रीनशॉट. शिकवण्याच्या नावाखाली चालू भाव दाखवून टिपा द्यायला सेबीने जानेवारी २०२५मध्ये अटकाव केला. शिकवणाऱ्याने किमान तीन महिने जुने भाव वापरायचे, असं तेव्हा ठरलं. क्लास लावायच्या आधी पोराने एवढं विचारलं तरी पुरे: सर, फळ्यावरचा भाव आजचा आहे का? आजचा असेल तर उठून यायचं.

मोबाइलवरच्या छोट्या कर्जांचं जग याहून निसरडं. पाच हजार, आठ हजार, ‘नंतर द्या’. रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचं एक पत्रक देणं सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे आकार मिळवून वार्षिक दर लिहिलेला असतो. डिजिटल कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत असते, ज्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज देऊन दंडाशिवाय ते परत करता येतं. रात्री अकराला हेडफोनसाठी घेतलेलं कर्ज सकाळी नऊला पश्चात्तापाने परत करता येतं, हे किती पोरांना ठाऊक आहे? आणि शून्य टक्के व्याज म्हणजे काय, यावर रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच सांगून ठेवलंय की असं काही नसतं. व्याज कुठे ना कुठे धरलेलं असतं, बहुधा गमावलेल्या सवलतीत.

मग हे सगळं सांगायचं कुणी? मुंबईला याचा अनुभव नवा नाही. शेजारपाजारच्या घरांनी एकत्र वाणसामान घेण्याची रीत मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५पासून उपनगरांत रुजवली, आणि त्या खरेदीतून भाव, वजन, भेसळ, पावती यांचं जे शिक्षण बायकांना मिळालं ते कुठल्या सप्ताहात मिळालं नसतं. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं मनीलाइफ फाउंडेशन २०१०पासून दादरला बसून लोकांचे कागद वाचत आलं आहे. माणसं आहेत. कॉमर्सचे निवृत्त प्राध्यापक मुलुंडला आहेत, पार्ल्यात आहेत, बोरिवलीत आहेत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांची तर गणतीच नको, सकाळी नॅशनल पार्कात चालताना एका फेरीत चार भेटतील. जूनचे तीन आठवडे फीच्या खिडकीशेजारी एक टेबल टाकावं, दोन खुर्च्या आणि एक बाकडं. बाकडं पालकांसाठी. टेबलावर गुंतवणुकीची एकही पत्रिका नको, विम्याचा एजंट दिसला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं. सीडिंग तपासायचं, परताव्याच्या तारखा लिहून द्यायच्या, कर्जाचा दोन रस्त्यांचा हिशेब मांडायचा. खर्च? चहाचा.

एनएसएसची पोरं हाताशी असतातच. किंबहुना दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीच पहिल्या वर्षाच्यांना बसवून सांगावं, कारण एक विषय असा आहे जो मोठ्या माणसाने काढला की पोरं गप्प होतात. तो म्हणजे खातं भाड्याने देणं. कँटीनमध्ये ओळखीचा कुणीतरी येतो. ‘तुझं खातं रिकामंच आहे ना? महिनाभर दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि एक सिम. पाच हजार सुटतील.’ कुणाच्या तरी डिजिटल अटकेचे, कुणा आजोबांच्या पेन्शनचे पैसे त्या खात्यातून दहा मिनिटांत पुढे सरकतात. १९३० या क्रमांकावर तक्रार झाली की पहिलं गोठतं ते हे खातं, आणि पोलीस पहिला दरवाजा वाजवतात तो याच पोराचा. पैसे नेणारा कंबोडियात असतो की कांदिवलीत, हे कळेपर्यंत पोराच्या पासपोर्टच्या पडताळणीत, नोकरीच्या चौकशीत ती नोंद येत राहते. खातेदाराला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. कार्ड आणि सिम त्यानेच हातात दिलेलं असतं.

हे कायद्याच्या भाषेत सांगून उपयोग होत नाही, कारण विचारणारा अनोळखी गुंड नसतो. तो शेवटच्या बाकावरचा मित्र असतो, आणि मित्राला ‘नाही’ कसं म्हणायचं हा प्रश्न अठराव्या वर्षी पाच हजारांहून मोठा असतो. अंधेरीच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलीने पहिल्या वर्षाच्या पोरांना यावर जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तिकेत सापडलं नाही. ती म्हणाली, वाद घालू नका, उपदेश करू नका, पोलिसांचं नाव काढू नका. एवढंच म्हणा: ‘खातं आईबरोबर जॉइंट आहे रे, प्रत्येक मेसेज तिच्या मोबाइलवर जातो.’ विचारणारा पुन्हा तुमच्याकडे येत नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘पण जॉइंट नसेल तर?’ ती म्हणाली, ‘मग संध्याकाळी आईला घेऊन बँकेत जा, आणि करून घे.’